अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, रूम करेक्शन आणि तरीही बिघडलेला बास: या चुका टाळा

चांगले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले) आणले, माइक लावून रूम करेक्शन (खोलीमुळे बिघडलेला आवाज मोजून सुधारणारी सोय) चालवलं, स्क्रीनवरची रेघ सरळ झाली. तरी बास एका सुरावर घुमतो आणि दुसऱ्यावर गायबच होतो. अशा वेळी बहुधा क्रम उलटा झालेला असतो. आधी जागा, मग मोजमाप आणि सगळ्यात शेवटी करेक्शन.

ग्राफमधले खड्डे भरायला जाऊ नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्पीकरमधून निघालेल्या खालच्या सुरांच्या लहरी मागेही पसरतात आणि भिंतीवरून परत येतात. भिंतीपर्यंतचं अंतर पाव तरंगलांबीएवढं असेल, तर परतलेली लहर मूळ लहरीला उलट्या फेजमध्ये (एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार) भेटते आणि तो सूर दबतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर ८६ हर्ट्झच्या आसपास ग्राफमध्ये खड्डा दिसणार.

आता इक्वलायझरने तिथे १० डेसिबल चढवले, तर अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट पॉवर मागितली जाते. भिंतीवरून येणारी लहरही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे खड्डा जिथल्या तिथे. खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरची मात्र दमछाक होते आणि छोट्या स्पीकरचा लिमिटर (जास्त आवाज आपोआप रोखणारी सोय) लागू लागतो.

त्यापेक्षा स्पीकर भिंतीकडे सरकवा. तेच अंतर ४० सेंटिमीटर केलं, की खड्डा २१४ हर्ट्झच्या आसपास जातो. तिथे वूफरचा आवाज मागे कमी पसरतो आणि भिंतीवरचं जाड शोषक पॅनलही कामाला येतं. भिंतीजवळ बास एकूण वाढतो, हे खरं. पण वाढलेलं कमी करणं करेक्शनला उत्तम जमतं, आणि त्यासाठी कित्येक अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या पाठीवर स्विचही असतो. बास पोर्ट (बाससाठी ठेवलेलं भोक) मागे असेल तर त्याला थोडी मोकळी जागा ठेवा.

बसण्याची जागाही तपासा. ४ मीटर लांबीच्या खोलीत लांबीचा पहिला मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारा सूर) ४३ हर्ट्झच्या आसपास येतो आणि बरोबर मधोमध बसलं तर तोच सूर ऐकू येत नाही. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे केली तरी फरक कळतो.

मोजताना

माइक एकाच बिंदूवर ठेवून मोजलं, तर डोकं जरा हललं की ते करेक्शन लागू पडत नाही. कानाच्या उंचीवर, डोक्याच्या आजूबाजूला पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा. माइक छताकडे रोखला असेल तर ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल (माइकची चूक भरून काढणारी) लावा, स्पीकरकडे रोखला असेल तर ० अंशांची. फाइल चुकली की ट्रेबलचं (वरच्या सुरांचं) मोजमापच चुकतं. मोजमापासाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

सगळा ग्राफ सपाट करू नका

साधारण ३०० हर्ट्झच्या वर हात आखडता घ्या. खोलीत ठेवलेला माइक थेट आवाज आणि परावर्तित आवाज यांची बेरीज दाखवतो. कान मात्र थेट आवाजाला जास्त महत्त्व देतो. मुळात चांगल्या स्पीकरची वरची बाजू अशा दुरुस्तीने बिघडते. असा स्पीकर खोलीत मोजला, तर रेघ ट्रेबलकडे हळूहळू उतरतेच. ती जबरदस्तीने सपाट केली की आवाज टोचू लागतो. करेक्शनमध्ये कुठे ४ डेसिबल वाढवले असतील, तर प्रीगेन (करेक्शनच्या आधीची एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाला क्लिपिंग होईल, म्हणजे लहरींची टोकं कापली जाऊन आवाज फाटेल.

शांततेतही ‘सूं’ येत असेल, तर गेनची वाटणी बघा, म्हणजे आवाज कुठे किती वाढवला जातोय ते. डॅकचा (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करून स्पीकरला देणाऱ्या उपकरणाचा) आवाज अगदी कमी आणि स्पीकरचा नॉब पूर्ण वर, ही जोडी चुकीची. आधी नॉब खाली आणा, मग डॅक वर न्या. सतत गुणगुण येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून वळसा घालून वीज वाहतेय: सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून चालवा, बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट रद्द करणारी) वापरा. प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका. त्यात जिवाला धोका आहे.

करेक्शन चालू-बंद करून ऐकताना दोन्हींची पातळी सारखी करा. घुमणारा बास कमी झाल्याने करेक्शन लावलेला आवाज लहान वाटतो आणि माणूस ते बंदच करून टाकतो. आणि सोफा किंवा कपाट हलवलं, तर पुन्हा मोजा.