स्कॉटलंड रोड ट्रिप : नऊ माणसं, दोन गाड्या आणि निघायच्या आधीची यादी

पहिली गोष्ट, मैल मोजू नका, तास मोजा. आणि तेही मॅपवर दिसतात ते नाही, आपल्या माणसांचे तास. फोर्ट विल्यम ते स्काय बेटावरचं पोर्ट्री मॅप पावणेतीन-तीन तास दाखवतो, पण सोबत आईबाबा, तीन पोरं, एकाला सू, एकाला मळमळ, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी "अगं थांब थांब फोटो" करणार, तर सहा तास धरा. आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो, आम्ही चौघं, सांगलीहून आलेले आईबाबा, आणि मित्राची तिघांची फॅमिली, असे नऊ. पहिला प्लॅन नवऱ्याने एक्सेलमध्ये केला होता, त्यात रोज पाच ठिकाणं होती, मी तो बघून तीन ठिकाणं खोडली आणि तरीही रोज एक राहिलंच.

तर रूट आधी ठरवा कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. लंडनहून गाडी चालवत जायचं म्हणजे चारशे मैल आणि एक अख्खा दिवस नुसता मोटरवेवर, आम्ही ट्रेनने एडिनबरा गाठलं आणि गाड्या तिथे घेतल्या. मग स्टर्लिंगवरून टिंड्रम, रॅनख मूर, ग्लेनको, फोर्ट विल्यमला दोन रात्री, ग्लेनफिननचा पूल बघून मॅलेग, तिथून फेरीने स्काय बेटावर तीन रात्री, परत येताना आयलन डोनान किल्ला आणि लॉख नेस तळं करत एव्हीमोरला एक रात्र, आणि शेवटच्या दिवशी ए-९ रस्त्याने खाली एडिनबरा. सात दिवस. यात कुणी "नॉर्थ कोस्ट ५०० पण करू ना" म्हणालं तर त्याला प्रेमाने गप्प करा, तो पाचशेच्या वर मैलांचा वेगळा प्रवास आहे, त्यालाच आठवडा हवा.

कधी जायचं हे पण याच टप्प्यावर. मे बरा, पाऊस त्यातल्या त्यात कमी, दिवस लांब आणि मिजेसचा कहर सुरू व्हायचा असतो (मिजेस म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या, त्यांच्यावर येते पुढे). जूनमध्ये तर स्कायला रात्री दहानंतर पण उजेड असतो, पोरं झोपत नाहीत, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या घ्या. डिसेंबरात उलटं, पावणेचारला अंधार, म्हणजे ट्रिप काय, हॉटेलची खिडकीच बघायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडच्या शाळांना हाफ टर्म, म्हणजे मधली आठवड्याची सुट्टी, असते तेव्हा सगळे तिकडेच पळतात आणि भाडी वाढतात, आणि जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा स्कायवर राहायला जागा मिळणं मुश्कील. स्कायचं घर आम्ही ऑक्टोबरमध्येच बुक केलं होतं, आणि तेव्हाही निम्मी घरं गेलेली होती. काही घरं शनिवार ते शनिवारच देतात, तेव्हा तारखा घरावरून ठरवा, घर तारखांवरून नको. भारतातून कुणी येणार असेल तर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तो पहिल्या दिवशीच टाका.

आता गाडी. नऊ माणसं म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच नऊ सीटर येते, कार्ड्स खेळू, गाणी म्हणू वगैरे. नको. दोन साध्या गाड्या घ्या. कारण स्कायवर आणि वेस्ट कोस्टला बरेच रस्ते सिंगल ट्रॅक, म्हणजे एका गाडीपुरता रस्ता आणि मधेमधे थोडी रुंद जागा, तिला पासिंग प्लेस म्हणतात. ती जागा तुमच्या डाव्या हाताला आली तर आत घ्या, उजव्या हाताला असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा आणि समोरच्याला तिथून जाऊ द्या. उजवीकडच्या जागेत घुसायचं नाही. मागे गाडी चिकटली असेल तरी थांबून तिला पुढे जाऊ द्यायचं, ती तिथली रोज कामाला जाणारी माणसं असतात, आपल्यासारखी मेंढ्या बघत जाणारी नाहीत. आणि तिथे पार्किंग करून फोटो काढायचे नाहीत, अजिबात. चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे आपल्याला घाटांमुळे माहीतच असतं, तो नियम तिथेही तोच.

म्हणून यादीतला माझा सगळ्यात महत्त्वाचा आयटम म्हणजे रिव्हर्स. जो कोणी चालवणार आहे त्याला सामान भरलेली, मागची काच झाकलेली गाडी शंभर मीटर सरळ रिव्हर्स घेता आली पाहिजे, निघायच्या आधी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करा, हसू नका. स्कायवरच्या क्विरँगच्या रस्त्यावर माझ्यासमोर एक भलीमोठी मोटरहोम आली, तिच्यामागे अजून चार गाड्या, म्हणजे मागे मीच जाणार. बाबा खाली उतरले, भर वाऱ्यात टोपी हातात धरून "ये, ये, ये, अजून ये, बस्स" असं सांगलीच्या स्टँडवर एसटी लावल्यासारखं मला मागे घेत होते, आत आईची रामरक्षा चालू, आणि माझा मुलगा मधूनच "मम्मा, मेंढी" म्हणून ओरडला कारण एक मेंढी खरंच मागच्या बंपरला टेकून उभी होती, आमच्याकडे न बघता. मोटरहोमवाल्या आजोबांनी जाताना हात वर केला. तो हात वर करणं तिथे कंपल्सरी समजा, प्रत्येक गाडीला, आमची पोरं दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवरून करायला लागली.

गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, तिकडे मॅन्युअल जास्त असतात. भारतीय लायसन्सवर व्हिजिटरला बारा महिने चालवता येतं, पण भाड्याच्या गाडीचे वयाचे आणि लायसन्स किती जुनं याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे, ते बारीक अक्षरातलं वाचा. यूकेचं लायसन्स असेल तर ऑनलाइन चेक कोड काढावा लागतो (त्यावरून कंपनी तुमचं लायसन्स तपासते), तो २१ दिवसच चालतो. आणि क्रेडिट कार्ड मेन ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. बुकिंग माझ्या नावावर आणि कार्ड नवऱ्याचं म्हणून आमची पहिली सकाळ एका काउंटरवर दीड तास गेली, शेवटी सगळं नवऱ्याच्या नावावर करून मला अ‍ॅडिशनल ड्रायव्हर केलं आणि वर पैसे घेतले. मुलं बारा वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्यांना चाइल्ड सीट लागते, कंपनीकडून भाड्याने घेण्यापेक्षा मी आपली घरचीच ट्रेनमधून नेली, जड पडलं पण विश्वासाची. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि स्टेपनी आहे की नुसता पंक्चर किट ते डिकी उघडून बघा.

स्पीड मैलात असतो, साध्या दुपदरी रस्त्यावर ६०, ड्युअल कॅरेजवेला ७०, गावात बऱ्याच ठिकाणी २०. ६० म्हणजे ६० ने जायलाच पाहिजे असं नाही, लॉख लोमंडच्या काठाने ते शक्यही नाही. ए-९ वर अ‍ॅव्हरेज स्पीड कॅमेरे आहेत, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही. आणि डिस्टिलरी बघायची असेल तर चालवणारा कोण हे सकाळीच ठरवा, स्कॉटलंडमध्ये दारूची लिमिट २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. एक घोट पण नको. टॅलिस्कर डिस्टिलरीत ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत बांधून मिळाला, तो मित्राने रात्री घरी शेगडीसमोर बसून घेतला आणि तोच खरा जिंकला.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पाव होऊ देऊ नका, पुढचा पंप तीस मैलांवर असेल आणि रविवारी बंद असेल. पेट्रोलचा नोझल हिरवा आणि डिझेलचा काळा, भाड्याच्या गाडीत नेमकं काय घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं, दोन्ही ड्रायव्हरना दाखवून ठेवा. फोनची रेंज ग्लेनकोनंतर येते-जाते, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, घरांचे पत्ते आणि किल्ली कुठे ठेवलीय त्याचे मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि बाबांसारखं कुणी असेल तर त्यांच्या हातात कागदी नकाशा द्या, त्यांना काम मिळतं.

फेरीचं बुकिंग गाडीसकट आधी करायचं. मॅलेग ते स्कायवरचं आर्माडेल पाऊण तासाच्या आतलंच अंतर, पण वारा असला की फेऱ्या रद्द होतात, आणि मॅलेगला पोचल्यावर रद्द झाली तर उलटं फोर्ट विल्यमपर्यंत येऊन पुलावरून जायचं, म्हणजे काही तासांचा मोठा वळसा. म्हणून निघायच्या आधी सकाळी स्टेटस बघा. स्कायचा पूल १९९५ चा, टोल होता तो २००४ ला बंद झाला, त्यामुळे परतीला पूलच घ्या, आयलन डोनान त्याच वाटेवर आहे.

खायचं. भारतातून येणाऱ्यांना आधीच सांगा की तूप, पेढे, बर्फी आणायची नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, आईने आणलेले कंदी पेढे एअरपोर्टवर गेले ते दुःख ती अजून सांगते. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, भाजलेला रवा, कोरड्या खोबऱ्याच्या वड्यांऐवजी चिक्की, हे सगळं चालतं. गावांमधली किचन्स रात्री आठ-साडेआठला बंद होतात आणि नऊ माणसांना टेबल बुक केल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा एक वेळ घरचंच. एडिनबऱ्यात पनीर, मिरच्या, कोथिंबीर भरून घ्या. पोर्ट्रीत सुपरमार्केट आहे पण तिथे कोथिंबिरीची जुडी शोधायला जाऊ नका. एक छोटा राइस कुकर न्या. आणि त्या घरांमधले स्मोक अलार्म फार हळवे असतात, मी पहिल्या रात्री आमटीला फोडणी दिली आणि अख्खं घर किंचाळायला लागलं, मित्र स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय, तेव्हापासून खिडकी उघडून, आणि मोहरी कमी. गोऱ्यांचं चाखायचं असेल तर व्हेज हॅगिस (तिथल्या प्रसिद्ध मांसाच्या पदार्थाचा शाकाहारी अवतार) मागवा, आमच्या आईला आवडलं, "खिचडीच की मसाल्याची" असा शेरा मिळाला.

पोटाचं आलं म्हणजे ओकाऱ्यांचं पण. वळणावर मळमळणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या, आवळा सुपारी, डॉक्टरला विचारून गोळ्या, आणि पिशव्या, भोक नसलेल्या. आईबाबांची औषधं ट्रिपचे दिवस अधिक चार दिवस पुरतील इतकी, हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. टॉयलेट दिसलं की जायचं, लागलीय का हा प्रश्नच विचारायचा नाही, काही ठिकाणी पैसे लागतात म्हणून सुट्टी नाणी वेगळी ठेवा.

ज्येष्ठांसाठी ठिकाणं निवडताना चालणं किती ते बघा. क्विरँगचा मुख्य देखावा गाडी लावली की समोरच, किल्ट रॉकचा धबधबा पार्किंगपासून दोन पावलांवर, ग्लेनकोचे थ्री सिस्टर्स नावाचे तीन डोंगर रस्त्याच्या कडेलाच. ओल्ड मॅन ऑफ स्टोर या सुळक्याला मात्र चढ आहे, आणि नीस्ट पॉइंटला पायऱ्या उतरून परत चढायच्या आहेत, तिथे आईबाबा थर्मास घेऊन वर बसले आणि खूश होते. ग्लेनफिननला २१ कमानींचा पूल आणि वाफेची गाडी बघायला तुफान गर्दी, गाडीची वेळ बघून किमान दीड तास आधी पोचा नाहीतर पार्किंगच मिळणार नाही. बेन नेव्हिस १३४५ मीटर, बाबांनी लगेच "आपलं कळसूबाई १६४६" ऐकवलं, पण हा जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायचा आणि मे महिन्यातही वर बर्फ असू शकतो, तेव्हा पोरं घेऊन सहज म्हणून नको.

कपडे थरांचे. छत्री नको, दहा मिनिटांत उलटी होऊन कचऱ्यात जाते, टोपीवाला वॉटरप्रूफ जॅकेट, चालताना भिजून बसणार नाही असे बूट, आणि मोजे तुम्हाला वाटतायत त्याच्या दुप्पट. साडीवर आईने आतून थर्मल घातलं आणि वर जॅकेट, जमलं. आता मिजेस. डासाच्या पोराएवढ्या माश्या, मेअखेर ते सप्टेंबर, वारा पडला आणि दमट संध्याकाळ झाली की ढगासारख्या येतात. ग्लेनकोत आम्ही तळ्याकाठी चहा करायला शेगडी काढली, वारा थांबला, आणि दोन मिनिटांत चहावर काळी साय. मित्राची मुलगी रडतेय, सगळे केस झाडत गाडीत. तिथल्या दुकानात स्मिज नावाचा स्प्रे मिळतो तो घ्या, डोक्यावरची जाळी घ्या, दिसायला मधमाश्या पाळल्यासारखं दिसतं पण घ्या. आणि चहा कायम वाऱ्याच्या ठिकाणी.

तीन पिनांचे चौकोनी प्लग अ‍ॅडाप्टर, गाडीत चार्ज करायचा केबल, कचऱ्याची पिशवी हे सांगायला नको. शेवटचं, एक पिशवी पुढच्या सीटच्या पायाशी, त्यात सगळ्यांचे रेनकोट, थर्मास, टिश्यू, मिजचा स्प्रे, गोळ्या, आणि उलटीच्या पिशव्या. ती डिकीत टाकू नका, कुणी कितीही नीट पॅकिंग केलं असलं तरी, कारण पाऊस आला की रेनकोट काढायला डिकी उघडावी लागते, आणि डिकी उघडायला पावसात उतरावं लागतं, आणि उतरणार कोण यावर मग दोन्ही गाड्यांमध्ये फोनवरून चर्चा होते.