शेतातली माती किती वाहून जाते? आधी मोजा, मग अडवा

सोलापूर, नगर, बीडकडे रब्बी ज्वारीसाठी राखलेलं काळं रान जून ते सप्टेंबर उघडं पडलेलं असतं, आणि पाऊसही याच महिन्यांत येतो. धूप म्हटली की आपण थेट बांधाला माती लावायला धावतो. पण माती सुटते रानाच्या मधोमध. बांधापाशी येईपर्यंत ती गढूळ पाणी झालेली असते.

१. उतार काढा. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि उताराच्या दिशेने २० फुटांवर दोन काठ्या रोवून दोन्हीकडची पाण्याची पातळी जमिनीपासून मोजा. ५ इंचांचा फरक आला तर उतार साधारण २ टक्के.

२. ओघळी मोजा. मोठा पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे रान चालण्याजोगं सुकलं, की कुळव घालायच्या (पाळी द्यायच्या) आधी टेप घेऊन जा. एकदा पाळी घातली की पुरावा बुजला. १० गुंठ्यांचा तुकडा आखा. ओघळीची रुंदी आणि खोली चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. समजा ओघळ ३० मीटर लांब, १० सेंमी रुंद, ४ सेंमी खोल आहे: ३० × ०.१० × ०.०४ = ०.१२ घनमीटर. घनमीटरभर माती साधारण १.३ टन भरते, म्हणजे एका ओघळीतून दीडशे किलो गेली. अशा ५ ओघळी असतील तर १० गुंठ्यांतून पाऊण टन, एकरी तीन टन. तळ निमुळता असेल तर निम्मं धरा.

हा आकडा कमीच असतो, कारण सालकाढी धूप, म्हणजे रानावरून सरसकट निघणारा पातळ थर, यात धरलेली नाही. सगळ्या रानावरून १ मिलिमीटर थर गेला तर हेक्टरी १३ टन माती गेली, आणि मिलिमीटर काही डोळ्यांना दिसत नाही. १९८३ च्या अंदाजानुसार देशाची सरासरी हेक्टरी वर्षाला १६.४ टन होती.

खुंट्या ठोकून थर मोजायची पद्धतही आहे, पण काळ्या रानात ती फसवते. भिजली की माती फुगते, तापली की भेगाळते. मोजायचंच तर या मे महिन्यापासून पुढच्या मेपर्यंत, दोन्ही वेळा कोरड्या रानात आणि अवजार फिरत नाही अशा जागी.

३. आता अडवा. आधी वरून येणारं पाणी बघा. ते चराने वळवायचं तर शेजाऱ्याशी बोलूनच. भाऊबंदकीत बांधापेक्षा चरावरून जास्त वाजतं. मग सगळी मशागत आणि पेरणी उताराला आडवी करा. याला जादा खर्च नाही, तरी उताराच्या बाजूने पट्टा लांब पडतो आणि वळणं कमी लागतात म्हणून लोक उभीच पाळी घालतात. जुलैत उतार बघून ६ × ६ ते १० × १० मीटरचे बंदिस्त वाफे (चारी बाजूंनी मातीचे वरंबे असलेले) पाडा. पाणी जागच्या जागी मुरतं आणि ज्वारीला ओल मिळते. रान खोल असेल आणि पाऊस वेळेवर आला तर मूग घ्या, म्हणजे थेंबांचा मार पानांवर जातो.

बांध त्यानंतर. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो, म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, हवाच: बांधाच्या माथ्यापेक्षा खाली, दगड रचून पक्का केलेला. बांधावर घायपात किंवा गवत लावा. घळ पडलीच असेल तर दगडी बांध वरच्या टोकापासून घालत खाली या.

४. पुढच्या वर्षी त्याच १० गुंठ्यांत पुन्हा मोजा, आणि त्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला तेही वहीत लिहा. पाऊसच कमी झाला असेल तर कमी ओघळींचं श्रेय वाफ्यांना देता येणार नाही.