हद्दपार राजकन्येची कादंबरी लिहिताय? आधी या चुका टाळा

राजकन्या पंधरा-सोळा वर्षांची. तिच्या अंगात एक भयंकर शक्ती आहे, बहुतेक वेळा आगीची. काका गादी बळकावतो, तिला राज्याबाहेर काढतो, आणि तिसऱ्या प्रकरणात जंगलात तिला एक धनुर्धारी मुलगा भेटतो. किशोरवयीन वाचकांसाठी लिहू पाहणाऱ्यांची हस्तलिखितं मी गेली नऊ वर्षं वाचते आहे, आणि हे कथानक दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येतं. मला ते मनापासून आवडतं. घर सुटलेली, स्वतःच्याच हातांना घाबरणारी मुलगी. चौदा वर्षांच्या वाचकाला याहून जवळचं काय असणार? म्हणूनच दर वेळी त्याच चार-पाच ठिकाणी ते कोसळताना बघवत नाही.

फुकटची जादू

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

तीन वर्षांपूर्वी एका एकोणीस वर्षांच्या मुलीने मला चारशे दहा पानांचं बाड आणून दिलं. भाषा सुरेख, संवाद खणखणीत. नायिका तळहातातून आग काढायची. पहिल्या प्रकरणात तिने दिवा पेटवला, पाचव्यात कुलूप वितळवलं, अकराव्यात नदीवरचा पूल जाळून शंभर स्वार अडवले. बाविसाव्या प्रकरणात तिला किल्ल्याच्या तळघरात कोंडलं आणि तिथे कादंबरीच अडकली. कुलूप वितळवणाऱ्या मुलीला कोठडीत ठेवणार कशी? लेखिकेने आधी मंतरलेल्या बेड्या आणल्या. त्या तोडायला एक अंगठी आणली. अंगठी चोरायला बोलणारा कावळा आणला. माझ्याकडे आली तेव्हा ती तीन महिने त्या कावळ्यापाशी थांबली होती. "पुढे सुचतच नाही," म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला बाविसावं प्रकरण मिटवायला लावलं आणि पहिलं उघडलं. खोट त्या दिव्यात होती. तो फुकट पेटला होता.

लहानपणी ऐकलेल्या कहाण्या आठवा. आटपाट नगरातल्या बाईला वसा मिळतो, तेव्हा त्यासोबत नेमही मिळतात. "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही" असं तिला कबूल करावं लागतं. जी उतते, मातते, तिच्या घरचं आलेलं वैभव आल्या वाटेने जातं. देवघरासमोर बसून ऐकलेल्या या गोष्टींमध्ये मिळकतीचा आणि तिच्या मोलाचा हिशेब किती चोख होता! तो सोडून आपली मुलं बिनहिशेबी जादू लिहितात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी तिला विचारलं, "हिच्या आगीची किंमत कोण मोजतं?"

"तीच. तिला खूप थकवा येतो."

नवशिके हटकून थकवाच देतात, नाहीतर नाकातून रक्त. थकवा झोपून उठलं की जातो, रक्त पुसलं की संपतं. ती किंमत नव्हे. दोन आठवड्यांनी मुलगी उत्तर घेऊन आली: नायिका आग काढते तेव्हा जवळच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. एवढंच. पण तेवढ्यावर कादंबरी उभी राहिली. कारण आता जे तिला आसरा देतात, त्यांचंच पाणी जातं. म्हणून कुठल्याही गावात तिला दोन महिन्यांवर राहता येत नाही. हद्दपारी आणि जादू एका दोरीला बांधली गेली. आणि तळघर? तिथल्या आडाचं पाणी आणखी सोळा कैदी पितात. कुलूप ती आजही एका क्षणात वितळवू शकते. त्या सोळा जणांकडे बघून हात मागे घेते. बेड्या गेल्या, अंगठी गेली, कावळा गेला, एकसष्ट पानं कमी झाली.

माझी सवय सांगते. वाण्याकडे असते तशी लाल कापडी बांधणीची वही मी प्रत्येक कादंबरीला वेगळी ठेवते. जादू वापरली की डाव्या बाजूला काय मिळालं ते लिहायचं, उजव्या बाजूला कोणाचं काय गेलं ते. उजवी बाजू कोरी राहिली की तो प्रसंग काढून टाकायचा. यासाठी एखादं ॲप आहे का, असं मला दर शिबिरात विचारतात. हाताने लिहा. लिहिताना हात जिथे अडतो, तिथेच गोष्टीत भोक असतं.

हद्दपारी म्हणजे सहल नव्हे

दुसरी माझ्या जिव्हारी लागणारी चूक. राजवाडा सुटतो, आणि पुढच्याच पानावर नायिका धबधब्याखाली नाहते, रानफळं खाते, तलवार शिकते. घर कुठे गेलं?

ज्यांना खरी हद्दपारी बघायची आहे त्यांनी रत्नागिरीला जावं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेहून हलवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस. चार राजकन्या: दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी वाटेत मद्रासला, चौथी रत्नागिरीतच. थिबा राजवाडा म्हणून आपण जी इमारत बघायला जातो, ती त्यांना मिळाली १९१० मध्ये, चोवीस वर्षं इथल्या बंगल्यांत काढल्यावर. सहा वर्षांनी राजा तिथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी बराच वेळ उभी होते. या चार मुलींना छळणारा राक्षस कुणी नव्हता. होता तो नेमून दिलेला तनखा, तो पुरत नाही म्हणून विकले जाणारे दागिने, आणि सरकारी परवानगीशिवाय गाव सोडता न येणं. दिवस सरत होते, मुली मोठ्या होत होत्या, आणि जोडीचा राजपुत्र त्या किनाऱ्यावर कुठून येणार? थोरल्या राजकन्येला त्यांच्याच दरवानापासून मुलगी झाली. ती मुलगी रत्नागिरीत वाढली आणि मराठी बोलली.

म्हणून हस्तलिखित घेऊन येणाऱ्याला मी एकच प्रसंग लिहायला सांगते: राजकन्या पहिला दागिना विकायला जाते. सोनार बांगडी कसोटीच्या दगडावर घासतो. काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटते. आपलं सोनं कुणी असं घासून बघतं, हेच तिने आजवर पाहिलेलं नाही. तो घट किती धरतो? ती भाव करते का, की करायचा असतो हेच तिला ठाऊक नाही? बांगडी निघताना मनगट सुजलं होतं का? हे दीड पान ज्याला जमलं, त्याची हद्दपारी जमली. जो म्हणतो, "ताई, हे कंटाळवाणं आहे, लढाईवर येऊ या", त्याला मी परत पाठवते. लढाई कुणालाही लिहिता येते.

तिला हाक कोण कशी मारतं

मराठीत लिहिताय, तर मराठीने दिलेलं हे हत्यार वापरा. राजवाड्यात तिला 'बाईसाहेब' म्हणतात, दासी 'जी सरकार' म्हणते, आई मात्र 'अगं'. सीमा ओलांडल्यावर पहिल्या गावात पाणवठ्यावरची बाई म्हणते, "ए पोरी, कुणाची गं तू?" राज्य गेल्याचं त्या 'ए' मध्ये जेवढं कळतं तेवढं दहा पानांच्या शोकात कळत नाही. हस्तलिखितांत मात्र सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, सेनापतीसुद्धा राणीला, कारण लिहिणाऱ्याने असल्या गोष्टी वाचलेल्या असतात त्या इंग्रजीत. उपाय सोपा. मी प्रत्येक दोन पात्रांची जोडी लिहून समोर भिंतीवर लावते: कोण कुणाला तू, कोण तुम्ही, कोण आपण, आणि हे बदलतं कुठल्या प्रकरणात.

चेटकीण हा शब्द जपून

तिच्या शक्तीला दरबार 'विद्या' म्हणेल, गाव 'चेटूक' म्हणेल, वैरी 'करणी' म्हणेल. तिन्ही शब्द वापरा, पण कुणाच्या तोंडी कुठला हे ठरवून. 'चेटकीण' आपल्याकडे परीकथेतला निरुपद्रवी शब्द नाही. त्या एका शब्दावरून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यामागे असे कित्येक बळी आहेत. गावकरी नायिकेला चेटकीण म्हणतात तो प्रसंग गंमत म्हणून लिहून पुढे पळू नका. ज्या मुलीच्या गावात हे घडलं असेल, तीही तुमची वाचक आहे.

थोडक्यात काही

नावं: एल्डोरिया, झायरा, काएलथॉर नकोत. गावांची जुनी नावं, नद्या, गवतं, कापडाचे प्रकार यांची यादी करा; त्यातून एक राज्य सहज उभं राहतं. नावं बनवून देणाऱ्या वेबसाइटवर मिळालेलं नाव मला पहिल्या ओळीत ओळखू येतं.

भविष्यवाणी: काढून टाका. गोष्ट तरीही चालत असेल तर ती हवीच कशाला?

घोडा: तो रात्रभर चौखूर उधळत नाही. त्याला पाणी, चारा आणि विसावा लागतो.

पाऊस: सह्याद्रीसारखा मुलूख उभा करायचा आणि आषाढात फौजा हाकायच्या, हे चालणार नाही. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीत बसायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या. नदीला पूर आहे, उतार नाही, म्हणून वैरी चार महिने अलीकडे थांबलाय. नायिकेला यापरता चांगला पावसाळा कुठे मिळणार?

तीन भागांची मालिका: पहिला भाग पुरा करा. मग बोलू.

नुसता वाईट काका

हद्दपार करणाऱ्याला कारण द्या. इथे मी ताराबाईंकडे बोट दाखवते. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर पंचविशीतल्या या बाईने औरंगजेबाविरुद्धचं युद्ध चालवलं. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईच्या बाजूने डाव उलटला आणि ताराबाई आपल्या मुलासह कैदेत पडल्या. राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसला. पुढे छत्तीस वर्षांनी, १७५० मध्ये, ताराबाईंनीच साताऱ्यात तिथल्या गादीवरच्या रामराजाला कैद केलं. ज्याला आपला नातू म्हणून स्वतः पुढे आणलं होतं, त्याच रामराजाला. कोंडलेली आणि कोंडणारी बाई एकच. तुमच्या राजकन्येला हद्दपार करणारी आत्या एके काळी स्वतः अशीच एका तळघरात बसलेली असेल, तर ती पुतणीकडे कशी बघेल? नवशिक्यांना खलनायक रंगवायची घाई असते. मी त्यांना आधी पाच पानं आत्याच्या तोंडून लिहायला लावते. ती पाच पानं कादंबरीत येत नाहीत, पण त्यानंतर आत्या दरबारात गप्प बसली तरी भीती वाटते.

परत येणं

शेवटच्या प्रकरणात बहुतेक नायिका वेशीतून आत येतात, नगारे वाजतात, गादी रिकामीच असते. मी तिथे पेन्सिलीने विचारते: तिच्या खोलीत आता कोण झोपतं? तिची बोली बदलली आहे का? आईने तिला पहिली हाक काय मारली? आणि वाड्यातल्या विहिरीचं पाणी कसं आहे?

राजा गेल्यानंतर थिबाचं कुटुंब १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेलं. मंडाले सुटलं तेव्हा थोरली राजकन्या पाच वर्षांची होती, परतली तेव्हा चाळिशीला टेकलेली. तिला तिथे राहवलं नाही. ती पुन्हा रत्नागिरीला आली, आणि १९४७ मध्ये तिथेच वारली.