स्टेम सेलनं डाग घालवायला निघालात? मग या चुका टाळा

भाजल्याचा किंवा कापल्याचा डाग घेऊन येणारं माणूस हल्ली स्टुलावर टेकायच्या आधीच मोबाईल पुढं करतं. "सिस्टर, स्टेम सेलनं सगळं साफ होतंय म्हणं की ओ, आपल्या सोलापुरात मिळतंय का?" जळिताची आणि जखमांची ड्रेसिंग करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. स्टेम सेल म्हणजे विभागून नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी. त्यांच्यावर माझा राग नाही. संशोधन खरं आहे, त्यातून उद्या चांगलं काही निघेलही. पण त्याच्या नादात लोक त्याच त्याच चुका करतात आणि मग निस्तरायला आमच्याकडं येतात, त्याचा मात्र आता वैताग आलाय.

बातमी खरी आहे, म्हणून ती आपल्याच डागाची आहे असं समजणं

जर्मनीतल्या मुलाचा व्हिडिओ सगळ्यांकडं असतो. ती बातमी शंभर टक्के खरी. २०१५ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या अंगावरची जवळपास ८० टक्के वरची कातडी प्रयोगशाळेत वाढवून बसवली, २०१७ मध्ये ते जगाला कळलं. पण त्या मुलाला जन्मजात जनुकीय आजार होता, कातडी नुसत्या स्पर्शानं सुटत होती. त्याच्याच त्वचेतल्या स्टेम सेलमधला दोष दुरुस्त करून त्या वाढवल्या. कुकरच्या वाफेनं मनगटावर पडलेल्या डागाशी त्याचा काय संबंध?

त्वचेच्या पेशी अशा वाढवण्याची पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी ती १९७५ मध्ये दाखवली, आणि १९८३ मध्ये जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांचा जीव तिनं वाचवला. जीव वाचवला हे महत्त्वाचं. अशा वाढवलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात. पूर्वीची त्वचा जशीच्या तशी परत येते, असं कुणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.

सिरिंजमध्ये काय आहे हे न विचारता पैसे मोजणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अक्कलकोट रोडकडच्या एका डाईंगमध्ये कामाला असलेला पोरगा. रंगाचं उकळतं पाणी उजव्या हातावर, कोपराच्या आतल्या घडीपर्यंत. जखम भरायला तीन आठवड्यांच्या वर गेले, आणि इतका वेळ लागला की व्रण जाड होणार हे आम्ही गृहीतच धरतो. आई विडी वळणारी, पण वक्तशीर. प्रेशर स्लीव्ह, म्हणजे व्रण दाबून धरणारी घट्ट बाही, मापानं शिवून घेतली, रात्री कोपर सरळ राहावं म्हणून स्प्लिंट दिला, दोन्ही नीट चाललं होतं. मग मामांच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. पोराचं लग्न जमवायचं होतं. मालकाकडून उचल घेतली, आईनं पाटल्या मोडल्या आणि हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याच्या क्लिनिकला गेले ते त्याच रात्री परत. असं दोन-तीनदा झालं. तिथं सांगितलं, आता स्लीव्हची गरज नाही.

दिवाळीनंतर पोरगा आला तेव्हा हात सरळ होत नव्हता. घडीत दोरीसारखी ताठ पट्टी आली होती, चहाचा कप तोंडाला नेता येई पण शर्टाच्या बाहीत हात घालताना दुसऱ्यानं मदत करावी लागे. मी बिल मागितलं. वर 'सेल थेरपी', खाली रक्कम. पेशी कुठून घेतल्या, कुठल्या प्रयोगशाळेत तयार केल्या, किती दिल्या, एक अक्षर नाही. पोराला विचारलं, "तुझ्या अंगातून काय काढलं रे?" म्हणाला, "दंडातनं रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, अर्ध्या तासात परत टोचलं."

अहो, ते पीआरपी. म्हणजे रक्त फिरवून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स, रक्त गोठायला मदत करणारे कण. त्यांना केंद्रकसुद्धा नसतं, त्या विभागून नव्या पेशी करूच शकत नाहीत. पीआरपीचे आपले उपयोग आहेत, पण ते स्टेम सेल नव्हे. त्या पोराला आता पट्टी सोडवायचं ऑपरेशन लागणार होतं, म्हणजे नवी जखम, नवा व्रण, नवी स्लीव्ह. स्लीव्ह चालू ठेवली असती तर हा फेरा बहुधा टळला असता.

आपल्याकडचा नियम लक्षात ठेवा. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या आजारांसाठी रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार. त्वचेचा व्रण त्यात बसत नाही. तिथं जे करायचं ते परवानगी घेतलेल्या संशोधन चाचणीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून मी पेशंटला एकच सवय लावते: आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा, मग मराठीतलं संमतीपत्र मागा आणि घरी आणून वाचा. 'आजच ठरवा, ऑफर आहे' म्हणाले की उठून यायचं. औषधोपचारात ऑफर असते का कधी?

एक्सोसोम विकणाऱ्यांचंही तेच. पेशी नाहीत तर पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्या आहेत, म्हणून नियम लागत नाही असं सांगतात. अमेरिकेची औषध नियंत्रण संस्था एफडीए, तिनं २०१९ मध्येच त्यावर इशारा दिला होता.

कोवळा व्रण वाऱ्यावर सोडणं

लोकांना वाटतं स्टेम सेल टोचल्या की त्या कातडी होऊन बसतात. हाडाच्या मगजातून, चरबीतून किंवा नाळेतून घेतलेल्या 'मेसेन्कायमल' नावाच्या स्टेम सेल बहुतेक थोड्या दिवसांत नाहीशा होतात. असतात तोवर आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात: सूज आवरा, रक्तवाहिन्या वाढवा, कोलॅजन (त्वचेला ताकद देणारे धागे) इतकं ओतू नका. त्यांचं काम ते एवढंच. दहा वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या पडलेल्या डागात हे निरोप ऐकायला फारसं काही चालूच नसतं. म्हणजे खरा मोका पहिल्या वर्षात, आणि नेमकं तेच वर्ष लोक 'पैसे साठले की स्टेम सेल करू' म्हणत वाया घालवतात.

चादरीच्या गावात समजावणं सोपं आहे. चांगल्या त्वचेत कोलॅजनचे धागे ताणा-बाणा विणल्यासारखे सगळीकडून गुंतलेले असतात, व्रणात ते बरेचसे एकाच दिशेनं पडतात. त्यामुळे व्रण ताठ असतो आणि कितीही जुना झाला तरी त्याला मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच ताकद येते. ही जुळवाजुळव वर्षभर, कधी दोन वर्षं चालते. बोटानं दाबून बघा. पांढरा पडून लगेच लाल झाला तर व्रण अजून कोवळा आहे, हातात वेळ आहे.

या काळात सिलिकॉन जेल शीट (व्रणावर लावायची मऊ पट्टी) आणि प्रेशर कपडा. ऐकायला कंटाळवाणं, पण हेच. शीट जखम पूर्ण मिटल्यावरच लावायची, खपली असताना नाही. दिवसाचे १२ तास तरी, दोन-तीन महिने. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी १२ तास लावाल तर घामोळं येणार आणि तुम्ही शीट फेकून देणार, म्हणून मी चार तासांपासून चढवायला सांगते. रोज साध्या साबणानं धुवायची, त्वचा कोरडी करूनच परत लावायची. प्रेशर कपडा २३ तास, आंघोळ आणि मालिशपुरताच काढायचा. दोन जोड शिवून घ्या, एक अंगावर, एक सावलीत वाळत. उन्हात वाळवलं की इलॅस्टिक जातं आणि सैल कपडा घालणं म्हणजे न घातल्यासारखंच.

मालिश खोबरेल तेलानं केली तरी चालते, महागडं काही नको. नखं कापा, बोट व्रणावर दाबून गोल फिरवा, वरवर चोळू नका. "पंधरा दिवस केलं सिस्टर, काही फरक नाही" असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला फोटो काढून ठेवायला सांगते. तीन महिन्यांनी तेच फोटो बघून ते स्वतः बोलतात.

बाकीच्या, थोडक्यात

'सफरचंदाच्या स्टेम सेल'ची क्रीम: झाडाच्या पेशींचा अर्क आहे, जिवंत पेशी नाही. मॉइश्चरायझर म्हणून लावायची तर लावा.

नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय, त्यातून डाग जाईल: ते ठेवतात मुख्यतः रक्ताच्या आजारांसाठी.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, कॉफी: यातलं काहीच लावू नका. आधी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ नाही. पुढचा व्रण बराचसा इथंच ठरतो, आणि या वीस मिनिटांना दमडी लागत नाही.

डागावर मेडिकलमधून मनानं आणलेली स्टिरॉइडची ट्यूब: आजूबाजूची चांगली कातडी पातळ होते.

व्रण न झाकता उन्हात फिरणं: काळा पडतो. स्कूटीवर पूर्ण बाहीचा सुती कोट आणि सनस्क्रीन, दोन्ही.

आणि केलॉइड. जाड, फुगलेले व्रण दोन प्रकारचे: हायपरट्रॉफिक व्रण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द सोडून पसरतो. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडीच्या जागा. 'कापून टाका' म्हणून हट्ट धरू नका. नुसता कापला तर बऱ्याचदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. त्यात डॉक्टर चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, कापलाच तर सोबत आणखी काही ना काही उपचार लागतो. घरात कुणाला केलॉइड असेल तर पोरीच्या कानाला फॅशनचं दुसरं-तिसरं भोक पाडू नका, गड्ड्याच्या जत्रेत तर मुळीच नाही.