‘सुपरवायझर निघत नाही’ एवढं सांगून भागत नाही

वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर म्हणजे शिफ्ट सांभाळणारा माणूस. रॅमेज आणि वॉनम या संशोधकांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या सुपरवायझरी कंट्रोल या यंत्रनियंत्रणाच्या पद्धतीत तो नियमांचा संच असतो. यंत्राचं मॉडेल आणि अटी दिल्या की टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, तो स्वतः काढतं; याला सिंथेसिस म्हणतात. पीएलसीवरून (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवरून) येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवावी: हा सुपरवायझर फक्त अडवतो, कुठलंही काम करायला लावत नाही.

बोअरची मोटार आणि गच्चीवरची टाकी घ्या. मोटार चालू-बंद करणं आपल्या हातात आहे. टाकी भरल्याचा किंवा पाणी उतरल्याचा फ्लोटचा सिग्नल मात्र आपल्याला अडवता येत नाही, आणि टाकी मोटार चालू असतानाच भरते. अट लिहिली, ‘टाकी भरलेली असताना मोटार चालू नसावी.’ गाठायची स्थिती: टाकी भरलेली, मोटार बंद. टूल म्हणतं, सुपरवायझर नाही. नवखा माणूस इथे मॉडेलवर शंका घेतो. मॉडेल ठीकच असतं.

चारच स्थिती आहेत, कागदावर काढा. ‘भरलेली-चालू’ निषिद्ध. ‘रिकामी-चालू’मधून फ्लोट आपल्याला न विचारता तिथंच नेतो, म्हणून तीही बाद. मग सुरुवातीच्या ‘रिकामी-बंद’मध्ये मोटार लावायलाच बंदी, गाठायच्या स्थितीकडे वाट नाही, तीही गेली. सुरुवातच बाद, म्हणून सुपरवायझर नाही. टूलने वापरणाऱ्याला हीच साखळी दाखवायला हवी, आणि ती ‘मोटार’, ‘फ्लोट’ या त्याच्याच नावांनी. स्थिती क्रमांक १७ म्हटलं तर कुणाला काय कळणार?

दुरुस्ती लहान आहे. अट स्थितीवर न घालता आज्ञेवर घाला: ‘टाकी भरलेली असताना चालूची आज्ञा नको.’ फ्लोट लागल्यावर मोटार बंद करणं पीएलसीच्या कोडमध्ये येतं. क्षणभर भरलेली टाकी आणि चालू मोटार एकत्र असणार, हे मान्य करावंच लागतं.

पहिल्या अटीत ‘रिकामी-बंद’लाही गाठायची स्थिती म्हटलं असतं, तर सुपरवायझर निघाला असता आणि मोटार कधीच लागली नसती. हे जास्त वाईट, कारण एररच दिसत नाही. म्हणून जी आज्ञा कधीच देता येत नाही, तिची सूचना टूलने वेगळी द्यावी.

अटी चाळीस असतील आणि सुपरवायझर निघत नसेल, तर एकेक काढून सिंथेसिस पुन्हा चालवा. तरीही सुपरवायझर निघाला नाही, तर ती अट बाहेरच ठेवा; निघाला, तर परत घाला. शेवटी उरतो तो भांडणाऱ्या अटींचा गट. क्रम बदलला की गट वेगळा येऊ शकतो, तेव्हा पहिल्याच गटावरून अट खोडू नका.