गावात राहून व्हेरिलॉग शिकायचं तर

व्हेरिलॉग म्हणजे डिजिटल सर्किट कोडमधून लिहायची भाषा. ती शिकायला निघालेली पुलगाव-आर्वीकडची डिप्लोमाची पोरं पहिलाच प्रश्न विचारतात, "भाऊ, कोणता एफपीजीए बोर्ड घेऊ?" एफपीजीए म्हणजे आपण लिहिलेलं सर्किट जिच्यात भरता येतं ती चिप. आधी बोर्ड कोणताच नको. कोड चालवून पाहायला इकारस व्हेरिलॉग आणि सिग्नलांचे आलेख बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही मोफत आहेत, जुन्या लॅपटॉपवर चालतात. व्हिवाडोसारखी एफपीजीए कंपन्यांची टूल्स कित्येक जीबींची. मोबाइलच्या नेटवर उतरवायच्या भानगडीत पडू नका. व्याख्यानांसाठी एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन कोर्सांच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या इंद्रनील सेनगुप्तांचा व्हेरिलॉगचा कोर्स आहे. नेट बरं असेल तेव्हा उतरवून ठेवा.

सी भाषा येत असेल तर ती सवय बाजूला ठेवा. इथे चार ऑलवेज ब्लॉक (व्हेरिलॉग कोडचे तुकडे) लिहिले की चार सर्किटं एकाच वेळी चालतात. क्लॉकच्या (ठरावीक वेगाने येणाऱ्या ठोक्यांवर चालणाऱ्या) ब्लॉकमध्ये <= आणि कॉम्बिनेशनलमध्ये (क्लॉकविना, इनपुट बदलताच आउटपुट बदलणाऱ्या ब्लॉकमध्ये) = वापरायचं. कॉम्बिनेशनलमध्ये इफला एल्स दिलं नाही, आधी डिफॉल्ट किंमतही दिली नाही, तर टूल गुपचूप लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा, आपल्याला नको असलेला भाग) बसवतं.

ट्रॅफिक सिग्नलचा प्रोजेक्ट सगळेच करतात. त्यापेक्षा वावरातल्या मोटरचा स्टार्टर घ्या, त्याचं वागणं घरच्या कास्तकारालाही पाठ असतं. चार स्टेट: बंद, थांबा, चालू, फॉल्ट. तिन्ही फेज आल्या की 'थांबा', थांबायची वेळ मोजणारा काउंटर भरला की 'चालू'. एक जरी फेज गेली की 'बंद'. विहिरीतलं पाणी संपलं की 'फॉल्ट', आणि तिथून रीसेटचं बटण दाबल्याशिवाय सुटका नाही.

खरं शिक्षण टेस्टबेंचमध्ये, म्हणजे डिझाइनला खोटे इनपुट देऊन तपासणाऱ्या कोडमध्ये आहे. थांबायची वेळ पॅरामीटर करून सिम्युलेशनपुरती १० क्लॉक ठेवा. मग सातव्या क्लॉकला एक फेज पाडा आणि परत आणा. वेव्हफॉर्ममध्ये काउंटर शून्यापासून सुरू झाला पाहिजे. सातवरून पुढे गेला तर डिझाइन चुकलं. फेज आणि पाणी एकाच क्लॉकला गेलं तर कोणती स्टेट? हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि तिथेच डोकं चालतं.

एवढं जमलं की टँग नॅनो ९के हा एफपीजीए बोर्ड चालेल. त्यावर ८६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे ठोकळे) आणि २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे. एलईडी दर अर्ध्या सेकंदाला बदलायचा तर १,३५,००,००० पर्यंत मोजावं लागतं, म्हणजे २४ बिटांचा काउंटर. २३ बिट पुरत नाहीत. एलईडी शून्यावर पेटतात, हेही ध्यानात असू द्या. बटणाचा सिग्नल दोन फ्लिप-फ्लॉपांतून (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट धरणाऱ्या भागांतून) आत घ्या. फेजच्या जागी बटणं, मोटरच्या जागी एलईडी. खऱ्या स्टार्टरला बोर्ड जोडायचा नाही, थ्री-फेजशी खेळ नको.

कॉलेजात व्हीएचडीएल (व्हेरिलॉगसारखीच दुसरी भाषा) असेल तर त्यातच सुरुवात करा. पुढे व्हेरिफिकेशनच्या (डिझाइन तपासण्याच्या) नोकरीकडे जायचं असेल तर सिस्टिमव्हेरिलॉग (व्हेरिलॉगचं वाढीव रूप) आणि यूव्हीएम (तपासणीची ठरलेली पद्धत) लागतंच.