घरातला वाढदिवस आणि भिंतीवरची काळी सावली

कोथरूड असो की हडपसर, फ्लॅटमधल्या वाढदिवसाची मांडणी ठरलेली: भिंतीवर फुगे, भिंतीला टेकून केकचं टेबल आणि मध्ये दाटीवाटीने मुलं. समोरून फ्लॅश मारला की प्रत्येक डोक्यामागे काळी सावली. महागडा कॅमेरा आणला तरी ती जात नाही.

१. पाहुणे यायच्या आधी टेबल चार-पाच फूट पुढे ओढा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

२. फ्लॅश वेगळा असेल तर त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे, जरासं मागे कलतं ठेवा. छतावरून परतलेला उजेड पसरून येतो, सावली जमिनीवर उतरते. अगदी सरळ वर मारलात तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर तोच रंग गालांवर येतो. मग बाजूची पांढरी भिंत वापरा. मोबाइलचा फ्लॅश मात्र बंदच ठेवा.

३. फोटोत आडवे पट्टे येतात? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/१०० सेकंद ठेवा. उजेड कमी वाटला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

४. पिवळी एलईडी पट्टी आणि पांढरी ट्यूब एकत्र नकोत. एक बंद करा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चार वाजता सुरुवात केलीत तर गॅलरीचा पडदा सरकवून मुलाला तिकडे तोंड करून बसवा. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळवंडतो.

५. औक्षणाला खोलीतले सगळे दिवे घालवू नका, बाजूचा एक राहू द्या. ताट खाली असताना निरांजनाचा उजेड हनुवटीवर पडतो, डोळे अंधारात जातात. आत्या ओवाळताना ताट चेहऱ्यासमोर येईल, तो क्षण टिपा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि स्क्रीनवरचा उजेडाचा स्लायडर थोडा खाली सरकवा, म्हणजे ज्योत पांढरी फटक होत नाही. मेणबत्त्यांनाही हेच करा. फुंकर मारल्यावर दिवे लागले की आयएसओ लगेच खाली आणा, नाहीतर केक भरवतानाचे फोटो पांढरे पडतील.